खाटेचे चार कोपरे

मननासाठी शास्त्रभाग : मार्क २ : १–१२



कफर्णहूम गावच्या पक्षघाती मनुष्याचा वृत्तांत आपणांपैकी बहुतेकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. प्रभू येशू एका घरात उपदेश करीत होता. लोक इतके जमले की दारापुढेही पाय ठेवावयास जागा उरली नाही. इतक्यात चौघे जण एका पक्षघाती मनुष्यास खाटेवर घालून तेथे घेऊन आले. दारातून वाट मिळेना, तेव्हा ते वर चढले, जेथे प्रभू होता त्या ठिकाणचे छप्पर त्यांनी उसकटून काढले, व त्या वाटेने खाट खाली सोडली. धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस हे काम किती मातीचे व मेहनतीचे असेल ते सांगावयास नको. पुढे त्या मनुष्यास पापांची क्षमा मिळाली, त्याच्या अंगी बळ आले, आणि ज्या खाटेवर निजवून त्यास आणिले होते तीच खाट उचलून तो आपल्या पायांनी घरी गेला.

ह्या वृत्तांतात तीन गोष्टी लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की, तो मनुष्य आपण होऊन प्रभूकडे येऊ शकत नव्हता. त्याची इच्छा कितीही असली तरी त्याचे पाय चालत नव्हते; त्यास कोणीतरी आणणे अवश्य होते. दुसरी ही की, त्याची वाट अडविणारे लोक प्रभूचे वैरी नव्हते. ते उपदेश ऐकावयास आलेले होते. त्या दुबळ्याविषयी त्यांच्या मनात द्वेष होता असे शास्त्र म्हणत नाही. केवळ त्यांची पाठ त्याच्याकडे होती. तिसरी ही की, प्रभूने जो विश्वास पाहिला तो एकट्या रोग्याचा नव्हे, तर त्यास आणणाऱ्यांचाही होता, असे शुभवर्तमानकाराच्या शब्दांवरून दिसते. विश्वास ही अंतःकरणातील गोष्ट खरी. परंतु त्या दिवशी तो डोळ्यांस दिसला. खाटेच्या चार कोपऱ्यांवर घट्ट आवळलेल्या मुठींत तो दिसला.

ह्या शास्त्रभागाचा उपयोग आज आम्ही एका विशेष कर्तव्याकडे करू इच्छितो. ते कर्तव्य हे की, आपल्या मंडळ्यांतील जी मुले दृष्टिहीन, कर्णबधिर, हातापायांनी अधू किंवा बुद्धीने मंद जन्मली अथवा पुढे तशी झाली, त्यांस त्यांच्याजोग्या शाळेच्या दारापर्यंत पोहोचविणे. २०११ सालच्या खानेसुमारीत आपल्या देशात दिव्यांग जनांची संख्या २ कोटी ६८ लक्ष भरली, आणि त्यांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक लोक खेड्यांत राहणारे होते. तेव्हा आमच्या गावी असे मूल नाही, असे कोणी म्हणू लागल्यास त्याने प्रथम गावातील प्रत्येक घराचे आतले दार उघडून पाहावे. कारण अशी मुले पुष्कळदा आतच असतात. पाहुणे आले की त्यांस माजघरात बसवितात. उपासनेच्या वेळी सारे घर मंदिरात येते. एक मूल व त्यास सांभाळणारी आई किंवा आजी मात्र घरी राहते. ते मूल मुलगी असल्यास तर ती दुप्पट झाकली जाते. वर्षे जातात, भावंडे पाटी-दप्तर घेऊन शाळेस जाऊ लागतात, आणि ते लेकरू उंबऱ्याशी बसून त्यांच्या जाण्यायेण्याकडे पाहत राहते.

असे का होते? आईबापांच्या मनात प्रीती नाही म्हणून होते, असे आम्हांस वाटत नाही. त्याची कारणे निराळी आहेत, आणि त्यांचा शास्त्राच्या प्रकाशात विचार केला पाहिजे.

पहिले कारण लाज. आपल्या पूर्वजांच्या काळापासून लोकांच्या मनात अशी समजूत रुजली आहे की, असे मूल जन्मले ते कोणाच्या तरी पापाचे फळ. ही समजूत केवळ आपल्याच देशात होती असे नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभूच्या शिष्यांनीही एका जन्मांधास पाहून हाच प्रश्न विचारिला की, पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही गोष्टी नाकारल्या. ज्या दोषाचा आरोप प्रभूने आईबापांवर केला नाही, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करावा काय? आणि आईबापांनी तो आपल्या माथी घेऊन मुलास कोंडून ठेवावे काय? दावीद राजाच्या काळी योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा झाला. तो कसा, हे शास्त्रात सांगितले आहे. तो पाच वर्षांचा असता त्याची दाई त्यास वाचविण्यासाठी उचलून पळाली व घाईत तो पडला. जिने प्रीतीने उचलिले तिच्याच हातून पडला! ह्यात पाप कोणाचे? पुढे तो लो-दबार येथे एका परक्याच्या घरी राहत होता. दाविदाने चौकशी केली, मनुष्ये पाठवून त्यास आणविले, आणि आपल्या पंक्तीस कायमचे बसविले. राजाने बोलाविलेल्या पाहुण्यास आम्ही माजघरात लपवावे हे योग्य नव्हे.

दुसरे कारण विश्वासाविषयीची एक चुकीची समजूत. कित्येक भाविक म्हणतात, आम्ही प्रार्थना करीत आहो. देव बरे करील. शाळेत घातले तर आमचा विश्वास उणा ठरेल. बंधूंनो, प्रार्थना अवश्य करावी, ती सोडू नये. पण त्या चौघांनी काय केले ते पाहा. घरी बसून प्रभू येण्याची वाट पाहणे त्यांस सोपे होते. त्यांनी खांदा दिला. प्रार्थना करून पेरणी न करणाऱ्या कुणब्यास आपण विश्वासू म्हणत नाही. शिवाय येथे काळ दवडण्यात मोठी हानी आहे. मुलाची भाषा पहिल्या काही वर्षांतच रुजते. ज्यास ऐकू येत नाही त्यास त्या वयात ऐकण्याचे यंत्र किंवा खुणांची भाषा मिळाली नाही, तर पुढे त्यास केवळ शब्दच नव्हे, तर विचारही जुळविणे जड जाते. आईचे नाव काय, देव म्हणजे काय, काल व उद्या म्हणजे काय, हे त्यास कोण व कसे सांगणार? बाजरी हस्तात पेरून मृगाचे पीक मिळत नाही.

तिसरे कारण आईची माया. माझ्या लेकराचे तेथे कोण करील? त्यास घास कोण भरवील? रात्री ते रडले तर कोण उठेल? ह्या प्रश्नांची कोणी थट्टा करू नये. ते खरे आहेत, व त्यांचे उत्तर पुढे देऊ. तूर्त इतकेच म्हणतो की, आई जन्मभर पुरत नाही. जी माय आज घास भरविते तिने, आपण गेल्यावर त्या लेकरास स्वतःच्या हाताने घास घेता यावा, ही तजवीज करणे हीच मायेची परिपूर्णता आहे.

कोणी विचारील, सर्व मुलांची शाळा एकच असता ह्यांस निराळी शाळा कशास? ह्याचे उत्तर मार्काच्या सातव्या अध्यायात मिळते. एका बहिऱ्या व तोतऱ्या मनुष्यास लोकांनी प्रभूकडे आणिले. प्रभूने त्यास गर्दीतून एकीकडे नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, त्याच्या जिभेस स्पर्श केला, व आकाशाकडे दृष्टी लाविली. इतर कित्येकांस प्रभू शब्दाने बरे करी. ह्याच्याशी त्याने बोटांनी संभाषण केले, कारण शब्द त्याच्या कानी पडत नव्हता. जे त्यास समजेल अशा रीतीने प्रभू त्याच्याशी वागला. विशेष शाळेचे तत्त्व हेच आहे. तेथे बहिऱ्यास हाताने व ओठांच्या हालचालींनी शिकवितात, आंधळ्यास बोटांच्या टोकांनी वाचावयास शिकवितात, आणि ज्याची समज हळू चालते त्याच्याबरोबर शिक्षकही हळू चालतो. आणि हेही विसरू नये की, प्रभूने त्या मनुष्यास एकीकडे नेले ते त्यास परत लोकांत पाठविण्याकरिता.

आता एका मुलास अशा शाळेत दाखल करावयास किती जणांचे हात लागतात, हे एका खऱ्या वृत्तांतावरून पाहू. फ्रान्स देशात पॅरिस शहराजवळ कूव्रे नावाचे एक खेडे आहे. तेथे १८०९ साली घोड्यांचे जीन व चामड्याचा सरंजाम करणाऱ्या एका कारागिराच्या घरी लुई ब्रेल ह्याचा जन्म झाला. तीन वर्षांचे ते मूल बापाच्या कामाच्या जागी खेळत असता चामड्यास भोके पाडण्याचे टोकदार हत्यार निसटून त्याच्या डोळ्यात गेले. एका डोळ्याचा विकार दुसऱ्यास लागला, व लवकरच तो पूर्ण आंधळा झाला. कारागिराचे आंधळे पोर. त्याच्या नशिबी भीकच, असे त्या काळी कोणीही म्हटले असते. परंतु बापाने त्यास कोपऱ्यात बसविले नाही. गावच्या धर्मगुरूने त्यास आपणाजवळ बसवून शिकविण्यास आरंभ केला. गावच्या पंतोजीने त्यास डोळस मुलांबरोबर शाळेत बसू दिले. आणि गावच्या धनवान सरदाराने पॅरिस येथील अंध मुलांच्या राजशाळेकडे त्याच्यासाठी रदबदली केली. बाप, धर्मगुरू, पंतोजी व सरदार, असे चौघे झाले. आणि खाट उचलली गेली. १८१९ सालच्या फेब्रुवारीत दहा वर्षांचा लुई त्या शाळेत दाखल झाला. तेथेच विद्यार्थी असता त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली, व १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. ज्या तऱ्हेच्या टोकदार हत्याराने त्याची दृष्टी गेली, तशाच एका टोचणीने कागदावर उंचवटे उठवून आज साऱ्या जगातील अंध जन लिहितात. १९५१ सालापासून आपल्या देशातील भाषांसाठीही ह्या टिंबांची एक सामाईक लिपी ठरली आहे, व तिच्या योगे आपली मराठीही बोटांनी वाचता येते. त्या चौघांपैकी एकाने जरी हात काढून घेतला असता, तरी जगाचे केवढे नुकसान झाले असते!

आपल्या देशातही हे कार्य नवे नाही. १८८५ साली मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. १८८७ साली ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी अमृतसर येथे अंधांसाठी शाळा उघडली. पुढे मोठ्या दुष्काळानंतर, १९०० साली, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी मुंबईत अंध मुलांस जवळ केले. त्यातून वाढलेली शाळा दादर येथे मुलींसाठी चालत आली आहे. तेव्हा दुष्काळाच्या दिवसांत, कोणताही कायदा पाठीशी नसता, आपल्या आधीच्या लोकांनी जे केले, ते आज कायदा पाठीशी असता आपण करू नये काय?

तर आता खाटेचे चार कोपरे कोणी धरावयाचे ते पाहू.

पहिला कोपरा आईबापांचा. त्यांनी लवकर पाहावे व लवकर बोलावे. मूल हाकेस मान वळवीत नाही, दिव्याकडे पाहत नाही, वेळेवर बसत किंवा बोलत नाही, असे दिसताच अंगणवाडीत सांगावे. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा येऊन मुले तपासतात. त्या दिवशी मुलास लपवू नये, पुढे करावे. मग सरकारी इस्पितळात तपासणी करवून दिव्यांगत्वाचा दाखला व ओळखपत्र काढावे. हा दाखला म्हणजे मुलाच्या कपाळी मारलेला डाग नव्हे. ती दार उघडण्याची किल्ली आहे.

दुसरा कोपरा उपदेशकाचा. बंधो, आपणांस वाचता लिहिता येते. हे दान आपणांस केवळ व्यासपीठासाठी मिळालेले नाही. कायदा काय म्हणतो ते लोकांस समजावून सांगा. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने असे ठरविले की, ज्याचे दिव्यांगत्व शेकडा ४० किंवा त्याहून अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षण मिळावे. सरकारमान्य शाळेने दिव्यांग म्हणून मुलास परत पाठविणे कायद्यास मान्य नाही. जिल्ह्यात कोणत्या विशेष शाळा व वसतिगृहे आहेत, ह्याची माहिती जिल्हा परिषदेत दिव्यांगांचे काम पाहणाऱ्या कार्यालयात विचारावी. जन्माचा दाखला, आधार कार्ड, रहिवासाचा दाखला, छायाचित्रे व दिव्यांगत्वाचा दाखला, इतके कागद एका पिशवीत नीट बांधून ठेवावेत. अर्ज लेखी द्यावा व त्याची पोच घ्यावी. जागा नाही असे उत्तर मिळाल्यास तेही लेखी मागावे, आणि दुसऱ्या शाळेकडे जावे. दाद लागत नसेल तर पुणे येथील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करिता येते. दारात गर्दी आहे म्हणून ते चौघे परत गेले नाहीत, हे स्मरणात ठेवा.

तिसरा कोपरा शिक्षकाचा. कोणत्या मुलास कोणती शाळा योग्य, हे ठरविण्यास त्याने साहाय्य करावे. प्रत्येक दिव्यांग मुलास दूरच्या शाळेतच पाठवावे असे नाही. ज्याचे केवळ पाय अधू आहेत त्यास गावच्याच शाळेत उतरंडीची वाट व बसावयास सोयीची जागा मिळाली तर तेथेच शिकता येईल. तालुक्याच्या गट साधन केंद्रात अशा मुलांसाठी विशेष शिक्षकाची चौकशी करावी. ज्याचे अपंगत्व फारच कठीण आहे, त्यास घरी शिक्षण देण्याचीही कायद्यात तरतूद आहे. परंतु ज्यास खुणांची भाषा किंवा टिंबांची लिपी पाहिजे, अथवा ज्यास रोजच्या व्यवहाराचे एकेक काम शंभर वेळा करवून शिकविले पाहिजे, त्यास ते जाणणाऱ्या शिक्षकांच्या शाळेतच न्यावे.

चौथा कोपरा मंडळीचा. आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. वसतिगृहाची शाळा निवडण्यापूर्वी मंडळीतील दोघातिघांनी आईबापांबरोबर जाऊन ती पाहावी. तिची सरकारी नोंदणी आहे काय, मुले स्वच्छ व हसतमुख आहेत काय, रात्री त्यांजजवळ कोण असते, मुलींसाठी बाई आहे काय, आईबापांस वाटेल तेव्हा भेटू देतात काय, हे सर्व विचारावे. विचारावयास संकोच करू नये. चांगली शाळा अशा प्रश्नांनी रागावत नाही. मजुरी बुडवून आईबाप जिल्ह्याच्या ठिकाणी चार खेपा घालतात, तेव्हा त्यांचे भाडे व त्या दिवसाची भाकर मंडळीने पुरवावी. आणि मूल दाखल झाले म्हणजे काम संपले असे समजू नये. पहिल्या काही महिन्यांत ते रडेल, आईही रडेल. शेजारणीने येऊन तिला, बरे झाले, पीडा गेली, असे कधीही म्हणू नये. कारण मुलास ओझे म्हणून टाकून येणे आणि लेकरू म्हणून नेऊन पोहोचविणे ह्यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. वारंवार भेटीस जावे, सणास घरी आणावे, आणि शाळेत ते ज्या खुणा शिकते त्या घरच्यांनी व रविवारच्या शाळेतील मुलांनीही शिकाव्यात. नाहीतर सुटीत घरी आलेले लेकरू आपल्याच माणसांत परके होऊन बसेल.

ह्या सर्वांचे फळ काय? सर्व मुलांस सारखेच फळ येईल असे आम्ही म्हणत नाही. कोणी बोटांनी मार्काचे शुभवर्तमान वाचील. कोणी शिवणयंत्रावर किंवा कचेरीत बसून आपली भाकर मिळवील. कोणास पुष्कळ वर्षांनी इतकेच साधेल की, सदऱ्याची बटणे स्वतः लावावी, ताट स्वतः घासावे, दुकानातून मीठ आणून उरलेले पैसे आईच्या हाती द्यावे. ते थोडे नव्हे. तो पक्षघाती मनुष्य घरी गेला तेव्हा त्याने डोंगर उचलला नाही. ज्यावर आजवर दुसऱ्यांनी त्यास वाहिले ती आपली खाट त्याने उचलिली. ज्या लेकराने आपले एक काम स्वतः केले त्याने आपली खाट उचलली असे समजा, आणि त्याबद्दल देवाचे गौरव करा.

छप्पर फुटले म्हणून घरधन्याने कुरकुर केल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. आपल्या उपासनेत एखादे मूल मोठ्याने ओरडले, एखाद्याची चाकांची खुर्ची वाटेत आली, तर उपदेशात व्यत्यय आला असे कोणी मानू नये. त्या दिवशी कफर्णहूमात तो व्यत्यय आला, म्हणूनच त्या घराचे स्मरण आजवर राहिले.

पुढील शाळेचे वर्ष उघडण्यास वेळ आहे असे म्हणून स्वस्थ बसू नका. ह्याच आठवड्यात प्रत्येक मंडळीने पाहावे की आपल्या गावी कोणाचे लेकरू आत आहे. आणि ज्याचे त्याने आपला कोपरा धरावा. आम्ही अशी प्रार्थना करितो की, ज्या प्रभूने लेकरांस आपणाजवळ घेतले तो त्या घरांतील लाज दूर करो, आईबापांस धीर देवो, आपल्या खांद्यांस बळ देवो, आणि दारात उभे असलेल्या आम्हां सर्वांस बाजूला सरून वाट देण्याची बुद्धी देवो. आमेन.